बेदरचे दोन कागद

आमची आजी बिदरला ‘बेदर’च म्हणते. तिच्या लेखी ते दामाजीपंतांच्या गोष्टीतलं गाव. त्यामुळे कलबुर्गीहून आम्ही मित्रमंडळी बिदर बघायला निघालो, तेव्हा माझ्या डोक्यात दामाजीपंतच होते. भेटला मात्र महमूद गवान.

त्याचा मदरसा जुन्या शहरात आहे, 1472 च्या सुमाराचा, तीन मजली. इराणातल्या गिलानहून आलेला गवान बहमनी राज्याचा वजीर झाला आणि त्याने इथं वर्ग, ग्रंथालय, मशीद अन् विद्यार्थ्यांच्या खोल्या एकाच इमारतीत बांधल्या. म्हणजे आपलं कॉलेज आणि हॉस्टेल एकत्रच म्हणा ना! दर्शनी भिंतीवर रंगीत चकाकत्या फरशा होत्या, आता तुकडे उरलेत. पुढे मोगलांच्या काळात इथं दारू साठवली होती. तिचा स्फोट होऊन पुढची बाजू ढासळली. दोनपैकी एकच मिनार उभा आहे.

गवानचा शेवट मात्र कागदाने केला. त्याने राज्याच्या चार प्रांतांचे आठ केले, प्रत्येक सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. सरदारांचं बळ घटलं, दख्खनी सरदार तर चिडलेच. त्यांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि वर ओरिसाच्या राजाला स्वारीचं आमंत्रण लिहिलं. तिसऱ्या मुहम्मदशहाने शिक्का ओळखला, मजकुराची चौकशी केली नाही. एप्रिल 1481 मध्ये सत्तरी उलटलेल्या गवानचा शिरच्छेद झाला. वर्षभरात सुलतानही वारला, आणि पुढे राज्याचे पाच तुकडे झाले.

दामाजीपंतांच्या गोष्टीतही कागदच आहे. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारं त्यांनी लोकांना उघडून दिली. बादशहाने पकडून आणायला माणसं धाडली. तेवढ्यात विठोबा विठू महाराच्या रूपात बेदरला आला, धान्याची किंमत भरून पावती घेऊन गेला. गवानची हकिकत इतिहासाची, ही श्रद्धेची. दोन्ही एका मापाने मोजू नयेत. पण दोन्हींत दरबार माणसाचं न ऐकता कागदाचं ऐकतो, हे मला मदरशाच्या पायऱ्यांवर बसल्यावर जाणवलं.

अष्टूरला बहमनी सुलतानांचे मोठमोठे घुमट आहेत. गवानची कबर बिदरजवळच, पण उघड्यावर.

घरी येऊन आजीला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “अन् त्याच्यासाठी विठू का आला न्हाई रे?”