भिंग सरकवायचं की फुगवायचं?

चाळिशीचा चष्मा घालवण्याचा दावा असलेल्या डोळ्यांच्या थेंबांना भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये परवानगी मिळाली आणि सप्टेंबरमध्ये ती स्थगितही झाली. या गदारोळात मूळ दुखण्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. हे थेंब मुख्यतः डोळ्याची बाहुली आकसवून जवळचं स्पष्ट करतात. वयानं ताठरलेलं डोळ्यातलं भिंग त्यांच्यामुळे पुन्हा लवचीक होत नाही. आणि खरी करामत त्या लवचीकपणातच आहे.

कॅमेरा फोकससाठी भिंग पुढेमागे सरकवतो. डोळा ते जागच्या जागी फुगवतो. शास्त्रज्ञ टॉमस यंग यांनी १८०१ मध्ये हे दाखवून दिलं, तेही स्वतःचा डोळा पाण्यात ठेवून! पाण्यामुळे डोळ्याच्या दर्शनी भागाची वक्रता निकामी झाली, तरी फोकस बदलतच होता. म्हणजे काम आतल्या भिंगाचं.

सूक्ष्मदर्शक मात्र सरकवण्यावरच अडून राहिला. शाळेत कांद्याचा पापुद्रा पाहताना आपण स्क्रू फिरवला, तोच प्रकार. पापुद्र्याला घाई नसते. पण जिवंत मेंदूत वेगवेगळ्या खोलीवरच्या पेशी क्षणार्धात संदेश देतात. तिथे पाण्याच्या थेंबात बुडालेलं जड ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं मुख्य भिंग) वरखाली करायचं, तर वेग कमी पडतो आणि धक्के नमुन्याला बसतात.

झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये यावर डोळ्याचाच उपाय केला. लवचीक पडद्याआड द्रव असलेलं भिंग त्यांनी टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकात, म्हणजे लेझरनं पेशी उजळवून पाहणाऱ्या यंत्रात, लेझरच्या वाटेत बसवलं. विजेचा प्रवाह बदलला की द्रवावरचा दाब बदलतो, पडदा फुगतो, फोकस खोल किंवा उथळ जातो. ०.७ मिलिमीटरपर्यंतचा पल्ला, आणि फोकस बदलायला १५ मिलिसेकंद! एकमेकांपासून ४० मायक्रोमीटरवरच्या दोन थरांतल्या सुमारे ४० चेतापेशींचं काम त्यांनी असं टिपलं. दोन वर्षांनी अशाच भिंगानं झेब्राफिशचं धडधडतं हृदय थराथरानं चित्रित झालं. मासाही हलवला नाही, ऑब्जेक्टिव्हही नाही.

दोष आहेतच. प्रवाहानं द्रव तापतो आणि फोकस हळूहळू सरकतो. भिंग उभं बसवलं तर द्रव वजनानं खाली ओथंबतो आणि प्रतिमा बिघडते, म्हणून ते आडवं ठेवावं लागतं. प्रकाशाच्या वाटेत भिंगाची जागा चुकली तर फोकसबरोबर प्रतिमेचा आकारही बदलतो. अतिसूक्ष्म तपशील हवा असेल तिथे ऑब्जेक्टिव्ह सरकवणंच अजून भरवशाचं, असं माझं मत आहे.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती या भिंगाची दुसरी बाजू. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. हाताशी असलेल्या टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाला ते जोडता येतं, हे झुरिकच्या संशोधकांनीच नोंदवलं आहे. नव्या यंत्राच्या अनुदानाची वाट पाहणाऱ्या आपल्या प्रयोगशाळांनी प्रस्ताव पाठवण्याआधी हे करून पाहावं.