लघुग्रह तोच, मग तेज वेगळं कसं?

परवा पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणाच्या प्रतिमा तपासत होतो. एकाच लघुग्रहाची दृश्यप्रत तीन फ्रेममध्ये २०.५ च्या आसपास, एकीत मात्र १९.८! (आकडा लहान, तेज जास्त.)

अशा वेळी पहिला संशय ताऱ्यावर घ्यायचा. त्याच जागेची जुनी प्रतिमा काढली, तर तिथे अंधूक तारा आधीपासून ठाण मांडून बसलेला. त्याचा प्रकाश लघुग्रहाभोवती आखलेल्या मोजणीच्या वर्तुळात शिरला आणि आमच्या ठिपक्याने फुकटचा भाव खाल्ला.

वेगवान लघुग्रहाचं उलटं. एक्स्पोजरमध्ये त्याची रेघ उमटते, टोकं वर्तुळाबाहेर राहतात आणि तो उगाच मंद ठरतो.

फिल्टर वेगळे असतील, तर आकड्यांची थेट तुलना करूच नका.

एवढं करूनही फरक उरला, तर खरी मजा! लांबट लघुग्रह फिरताना कधी रुंद बाजू दाखवतो, कधी निमुळतं टोक. ४३३ इरॉस सुमारे ५.२७ तासांत स्वतःभोवती फिरतो आणि त्याचं तेज काही वेळा जवळपास दीड प्रतीने, म्हणजे चौपटीच्या आसपास, बदलतं.

तुमच्याकडे असे विचित्र आकडे आहेत? फ्रेमची वेळ, फिल्टर आणि वर्तुळाची त्रिज्या कमेंटमध्ये टाका, बघू या.