गिअरबॉक्स बदलल्यावर गाडी का थरथरते?

आपल्या सभासदांपैकी काही घरांत वडिलांच्या वेळची अॅम्बॅसडर अद्याप चालू स्थितीत आहे. या गाडीचे उत्पादन उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ साली थांबले. जुने सुटे भाग मिळेनासे झाले, म्हणून सुकाणूवरच्या दांडीने चालणारा चार गिअरांचा गिअरबॉक्स झिजला की पुढे निघालेल्या इसुझू इंजिनाच्या अॅम्बॅसडरचा पाच गिअरांचा बसवून घेण्याकडे काहींचा कल असतो. गिअर सुरेख पडू लागतात. परंतु साठाच्या वेगाला गाडी अशी थरथरते की मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ते सोसवत नाही. मग टायर बदलतात, रबरे बदलतात, क्रॉस बदलतात. खर्च होतो, थरथर राहते.

प्रथम थोडे गणित करू. टायरचा घेर सुमारे २ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला आठ फेरे करते. मागच्या धुरीचे प्रमाण साडेचारास एक असल्यास प्रॉपेलर शाफ्ट त्याच वेळी सदतीसेक फेरे करतो. इंजिनाचे फेरे मात्र गिअरवर अवलंबून. म्हणजे चाक, शाफ्ट व इंजिन या तिघांची चाल निरनिराळी आहे, आणि थरथर कोणाच्या चालीने चालते हे कळले की अर्धे काम झाले.

मोकळ्या रस्त्यावर ज्या वेगाला थरथर येते तो वेग कायम ठेवून एकदा तिसऱ्यात व एकदा पाचव्यात गाडी चालवावी. शेजारी बसलेल्याने टिपून घ्यावे. गिअर बदलूनही थरथर तीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टात किंवा चाकांत आहे. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर ती सरकली, तर क्लचप्लेट, फ्लायव्हील किंवा जोडपट्टीचे मध्य चुकणे पाहावे. अशी थरथर बहुधा उभ्या गाडीतही इंजिन तितकेच पळविले असता जाणवते. ही परीक्षा चौथ्यात घेऊ नये. चौथा गिअर थेट असल्याने त्यात इंजिन व शाफ्ट एकाच गतीने फिरतात आणि कोण अपराधी ते उमगत नाही. पुष्कळदा नेमकी चौथ्यातच चाचणी होते, हे विशेष.

चाकाचा दोष असेल तर हादरा संथ असतो. शाफ्टाचा असेल तर गाडीची जमीन गुणगुणते, आणि येथेच गिअरबॉक्स बदलण्याचा खरा संबंध येतो. शाफ्टाच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांना आपण क्रॉस म्हणतो. ज्या रॉबर्ट हूकचा स्प्रिंगचा नियम आम्ही वर्गात शिकवितो, त्याच सतराव्या शतकातील गृहस्थाचे नाव इंग्रजीत या सांध्यालाही आहे. या सांध्याची खोड अशी की तो वाकडा असताना पुढचा दांडा एकसारख्या गतीने फिरला तरी मागचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो व दोनदा मागे रेंगाळतो. कोन ३ अंश असता हा फरक हजारात दीडही नसतो. १० अंश झाला की शेकडा दीड होतो. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे ठेवले आणि शाफ्टाच्या दोन टोकांचे काटे एका रेषेत असले, तर पहिल्याची खोड दुसरा भरून काढतो. सारांश, गिअरबॉक्सचा मागचा दांडा व डिफरन्शियलचा पिनियन समांतर हवेत. एक अंशाहून अधिक फरक पडू देऊ नये.

नवा गिअरबॉक्स लांबीला व आधाराला वेगळा असल्याने त्याची शेपटी वर किंवा खाली बसते आणि ही समांतरता बिघडते. इंजिनाच्या पुढच्या रबरांपासून मागचा आधार ९० सेंटिमीटरवर असेल, तर तेथील १६ मिलिमीटरचा फरक म्हणजे १ अंश. दोन-तीन लोखंडी पट्ट्यांचे काम! कोन मोजायला मोबाईलमधला कोनमापक चालतो. मात्र गाडी आपल्या चाकांवर उभी असावी. धुरी लोंबकळत ठेवून घेतलेले माप फुकट जाते. पिनियनचाच कोन सुधारायचा तर पाट्यांखाली पाचर घालावी लागते. कोन अगदी शून्यही करू नये. क्रॉसमधल्या सुया हलत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. अर्धा-एक अंश असू द्यावा.

कोन बरोबर असूनही गुणगुण राहिली, तर शाफ्टाचा तोल पाहावा. लांबी जमविण्यासाठी तो कापून जोडलेला असतो. आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर उत्तम काम करणारे हात पुष्कळ आहेत. पण लेथवर सरळ दिसलेला शाफ्ट तोललेला असतोच असे नाही. तो बॅलन्सिंगच्या यंत्रावरच चढवावा, आणि काढताना फ्लँजवर खडूऐवजी छिन्नीने खूण करून त्याच खुणेवर परत बसवावा.

शोध लागेपर्यंत गाडी त्या वेगाला नेऊ नये. क्रॉस तुटून शाफ्टाचे पुढचे टोक रस्त्यावर पडले तर ते जमिनीत रुतून गाडीस उचलू शकते. शाफ्टाभोवती लोखंडी पट्टीचा कडा, चासीला बोल्टांनी आवळलेला, कोणताही वेल्डर करून देतो. तो गिअरबॉक्स बसवितानाच करून घ्यावा.