कयाकवरील मासेमारीचे रीळ

कयाकवरील मासेमारीचे रीळ म्हणजे कयाक या वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीत बसून गळाने मासे धरताना दोरा सोडण्यासाठी, गुंडाळण्यासाठी आणि गळाला लागलेल्या माशाची ओढ आवरण्यासाठी वापरले जाणारे उपकरण. त्याची रचना किनाऱ्यावर वापरल्या जाणाऱ्या रिळासारखीच असते. वेगळी असते ती परिस्थिती. कयाकमध्ये बसणारा पाण्याच्या अगदी लगत असतो. रिळावर सतत तुषार उडतात आणि होडी उलटल्यास ते पूर्ण बुडते. शिवाय मोठा मासा होडीसकट माणसाला ओढत नेऊ शकतो. त्यामुळे अशा रिळाची पारख करताना पाणी आत शिरू न देणे आणि दोरा न अडखळता सुटणे या दोन गुणांना नुसत्या ताकदीपेक्षा अधिक महत्त्व द्यावे लागते.

पार्श्वभूमी

कयाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील इनुइट व अल्यूट लोकांची शिकारीची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. सीलला मारलेल्या भाल्याचा दोर शिकारी होडीला न बांधता हवा भरलेल्या कातडी फुग्याला बांधत असत, म्हणजे जनावर त्या फुग्याला ओढून थकत असे. होडीवर थेट ताण येऊ द्यायचा नाही, हे तत्त्व आजच्या रिळालाही लागू पडते.

रिळाचा इतिहास स्वतंत्र आहे. चिनी चित्रकार मा युआन याच्या इ.स. ११९५च्या सुमाराच्या एका चित्रात होडीत बसलेल्या कोळ्याच्या काठीला रीळ दिसते. अमेरिकेतील केंटकी राज्यातील घड्याळजी जॉर्ज स्नायडर याने १८२०च्या सुमारास दंतचक्रे असलेले रीळ बनवले, तर स्थिर स्पूलच्या आधुनिक रिळाचे एकस्व इंग्लंडमध्ये अल्फ्रेड इलिंगवर्थ याने १९०५ साली घेतले. कोकणात गरी टाकून मासे धरण्याला ‘गरवणे’ म्हणतात. तेथे रिळाविना, नुसता तंगूस हातात धरूनही गरवले जाते आणि ओढ वाढली की बोटे सैल केली जातात. रिळातील ड्रॅग हे याच बोटांचे यांत्रिक रूप होय.

ड्रॅगचे महत्त्व

ड्रॅग म्हणजे एकमेकींवर दाबलेल्या चकत्यांचे घर्षण. ठरावीक ताणापर्यंत स्पूल स्थिर राहते. ताण वाढला की ते फिरून दोरा सोडते. दोऱ्याच्या तुटण्याच्या मर्यादेच्या सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ताणावर ड्रॅग लावण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. ३० पौंडांच्या दोऱ्यासाठी हा ताण साडेसात ते दहा पौंड होतो. तो अंदाजाने न लावता लहान वजनकाट्याने मोजावा.

येथे एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. दोरा सुटत जातो तसा स्पूलवरील वेढ्यांचा व्यास कमी होतो आणि ड्रॅगची चकती तेवढीच दाबलेली असूनही दोऱ्यावरील ताण वाढतो. व्यास निम्मा झाल्यास ताण दुप्पट होतो. दूर गेलेल्या माशावर ड्रॅग आणखी आवळणे म्हणूनच धोक्याचे ठरते. मासा पुढून ओढत असेल तर कयाक त्याच्या मागे सरकते आणि तोही थकतो. तो बाजूने ओढू लागला आणि त्याच वेळी ड्रॅग अडकला, तर होडी कलंडू शकते. अशा वेळी काठीचे टोक होडीच्या नाळेकडे वळवावे आणि दोरा कापण्यासाठी सुरी हाताशी असावी.

प्रकार व निवड

स्पिनिंग रीळ काठीच्या खाली लटकते. ते शिकण्यास सोपे आणि हलके आमिष फेकण्यास सोयीचे असले, तरी पाण्याच्या अधिक जवळ असते. आडव्या स्पूलचे रीळ काठीच्या वर बसते. अंगठ्याने स्पूल मोकळे करून आमिष सरळ खाली सोडता येत असल्याने एका हातात वल्हे असताना ते उपयोगी पडते. मात्र फेकताना स्पूल आवरले नाही तर दोऱ्याचा गुंता होतो. नवशिक्याने स्पिनिंग रिळापासून सुरुवात करणे बरे.

मुठीच्या एका फेऱ्यात दोरा किती वेढे गुंडाळला जातो, ते गुणोत्तराने कळते. ६:१ किंवा त्याहून अधिक गुणोत्तराचे रीळ होडी माशाकडे सरकताना ढिला पडणारा दोरा चटकन गोळा करते; खोल पाण्यातील जड मासा वर काढण्यास ५:१च्या आसपासचे बरे पडते.

काही रिळांवर जलरोधाचा दर्जा लिहिलेला असतो. आयपीएक्स ६ म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताला टिकणारे, तर आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकणारे. पहिला दर्जा मिळाला म्हणजे दुसरा आपोआप मिळत नाही. या चाचण्या गोड्या पाण्यात होतात आणि रबरी कडी कालांतराने झिजतात, हेही ध्यानात ठेवावे.

निगा

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकते, क्षार मागे राहतात आणि हवेतील ओलावा शोषत राहतात. अॅल्युमिनियमच्या सांगाड्यात पोलादी स्क्रू असेल, तर खाऱ्या ओलाव्यामुळे दोन धातूंमध्ये विद्युतरासायनिक क्रिया होऊन अॅल्युमिनियम झिजते. स्क्रूभोवती दिसणारी पांढरी भुकटी ही त्याची खूण.

किनाऱ्यावर परतल्यावर ड्रॅग आवळून, म्हणजे पाणी चकत्यांत शिरणार नाही अशा बेताने, रिळावर गोड्या पाण्याची हलकी धार धरावी. नळीचा जोरदार झोत मारू नये. त्याने क्षार व वाळू आत ढकलली जातात. विणीच्या दोऱ्यात खारे पाणी मुरत असल्याने स्पूल काढून वेगळे धुवावे. नंतर पुसून सावलीत वाळवावे आणि ड्रॅग सैल करावा, कारण सतत दाबलेल्या चकत्या चपट्या होऊन पुढच्या वेळी अडखळतात. दोरा ज्यावरून वळतो ती चकरी आणि मुठीचा सांधा यांना तेलाचा एखादा थेंब पुरतो. उलट फिरणे रोखणाऱ्या एकदिशा बेअरिंगला घट्ट ग्रीस लावू नये. ते निसटू लागते.

लाटांतून उतरताना रीळ वाळूत पडले तर मूठ फिरवण्याचा मोह टाळावा. एकेक कण दंतचक्राचे दात खरवडतो. आधी धुवावे, मगच फिरवावे. पूर्ण बुडालेले रीळ शक्यतो त्याच दिवशी उघडावे. उघडताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढावे आणि सुटे भाग क्रमाने ताटात मांडावेत. उडून हरवणारी स्प्रिंग ही या कामातील नेहमीची तक्रार. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असताना रीळ महिनोन्महिने पडून राहते. तेव्हा ते बंद प्लास्टिक पिशवीत न ठेवता सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावे.