पाटाचं पाणी आणि फोर बाय फोर

परभणी जिल्ह्यात पावसाळ्यात गाड्या रुततात, हे कुणालाही ठाऊक असतं. डिसेंबर-जानेवारीत का रुततात, ते मात्र आखाड्यावर राहणाऱ्यालाच विचारावं. पैठणहून निघणारा जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे आणि तो आपल्या जिल्ह्याच्या शिवारांतून जातो. रब्बीची पाळी सुटली की चाऱ्या भरतात, कुठेतरी एखादी फुटते आणि गहू-हरभऱ्यासाठी सोडलेलं पाणी पाणंदीवर उतरतं. त्याच पाणंदीवरून उसाच्या ट्रॉल्या गेलेल्या असतात, त्यांच्या चाकोऱ्या गुडघ्याला लागतात. दिवसाच्या उन्हानं वरचा पापुद्रा वाळतो, खालचा चिखल तसाच राहतो. रात्री दिव्यांच्या उजेडात रस्ता कोरडा दिसतो आणि गाडी बसते.

मी खासगी पशुवैद्य आहे. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड हा माझा पट्टा. गाय अडल्याचा फोन बहुतेक वेळा अपरात्रीच येतो. लाल कंधारी गाय आणि तिच्या पोटातलं वासरू म्हणजे त्या घराचं वर्षभराचं गणित असतं. शेवटचा दीड किलोमीटर गाडी पोहोचली नाही, तर औषधांची पेटी डोक्यावर घेऊन चिखल तुडवत जावं लागतं आणि तेवढ्यात उशीर होतो. म्हणून “मॅडम, फोर बाय फोर घ्यावी का?” असं कुणी विचारलं की मी सावकाश बसून उत्तर देते.

आधी थंडीबद्दल. कृषी विद्यापीठाच्या केंद्रात एखाद्या हिवाळ्यात पारा 5 अंशांखाली जातो आणि परभणीचं नाव राज्याच्या बातम्यांत येतं. गाडीला तेवढ्यानं विशेष होत नाही. जुनी बॅटरी पहाटे कुरकुरते, तेवढंच. रस्त्यावर बर्फ नसतो. गोदाकाठची धुई मात्र खरी आणि त्या धुईत रेडियम न लावलेली उसाची ट्रॉली त्याहून खरी. तिथे चार चाकांच्या ताकदीचा उपयोग शून्य. ब्रेक सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांवर लागतात. फोर बाय फोर गाडी लवकर थांबत नाही. धुईत वेग कमी, दिवा खाली आणि काच आतून पुसलेली, एवढंच हातात असतं.

मग ती ताकद कामाला येते कुठे? साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाते आणि त्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून ते दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतं. डांबरावर ही सोय छान आहे. पण एक चाक चिखलात गेलं की तेच गरगर फिरतं आणि कोरड्यावरचं चाक नुसतं उभं राहतं. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये पुढची चाकं घसरू लागली की मधला क्लच आपोआप आवळतो आणि काही ताकद मागे जाते. जुन्या धाटणीच्या फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केसचा दांडा ओढून पुढचा-मागचा आस पक्का जोडायचा असतो. त्यातच लो गिअर मिळतो: चाकं हळू फिरतात, जोर कितीतरी वाढतो. मात्र तशी जोडलेली गाडी कोरड्या डांबरावर चालवायची नाही. वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांचं अंतर जुळत नाही आणि मधल्या भागांना पीळ बसतो. आपल्याकडे अनेक जण दांडा टाकून तशीच गाडी महामार्गावर काढतात, हे बघून माझा जीव तुटतो.

माझ्या मते, ज्यांचा रोजचा रस्ता डांबरी आहे आणि वर्षातून दोनदा शेतात जायचं आहे, त्यांनी हा खर्च करू नये. ज्यांचं घरच आखाड्यावर आहे, किंवा माझ्यासारखा रात्री-अपरात्रीचा धंदा आहे, त्यांनी लो गिअरची गाडीच बघावी. मारुतीची जिम्नी 2023 च्या जूनमध्ये आली. चार मीटरच्या आत, वजन सुमारे 1200 किलो, जमिनीपासून उंची 210 मिलीमीटर, टायर 195 चे अरुंद. काळ्या मातीत हलकेपणा हा मोठाच गुण. जड गाडी ज्या ओल्या पट्ट्यात टेकते, त्यातून हलकी सरपटत निघते. इंजिन 1462 सीसीचं पेट्रोल असल्यानं ती लहान गाडीच्या करात मात्र बसत नाही. नाशकात तयार होणाऱ्या महिंद्रा थारची उंची 226 मिलीमीटर आणि डिझेलचा जोर भरपूर. पण 2023 च्या जानेवारीपासून थार फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारीही मिळते. नाव बघून पैसे देऊ नका, दांडा बघा. ग्रँड विटारात ऑलग्रिप नावाची ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, त्यात स्नो आणि लॉक असे मोड आहेत, उंची 210 आहे. लो गिअर नाही आणि स्ट्राँग हायब्रिड घेतली तर ताकद फक्त पुढच्या चाकांना. घरच्या वापराला ती माझ्या दृष्टीनं आरामशीर गाडी, फुटलेल्या चारीतून काढायला नव्हे.

खरा निकाल टायर लावतो. माझी भाची माँट्रियलला असते. त्या क्यूबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च मोटारींना हिवाळी टायर कायद्यानं सक्तीचे आहेत आणि ऑल-व्हील ड्राइव्ह असली तरी सूट नाही. साधारण 7 अंशांखाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटते, हिवाळी टायरचं मऊ राहतं. चारही चाकं ओढत असली तरी ती जमिनीला धरतात टायरनेच, हे तिकडे कायद्यानं मान्य केलं. आपल्याला हिवाळी टायर नकोत, पण तत्त्व तेच लागू आहे. काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत भरते. खाचा भरल्या की टायर गुळगुळीत होतो, मग दोन चाकं फिरवा की चार. खोल खाचांचे ऑल-टेरेन टायर माती थोडीफार झटकून टाकतात. ते डांबरावर आवाज करतात, मायलेज जरा खातात. तो तोटा मी पत्करला आहे. आणखी एक गोष्ट: दोन टायर नवे, दोन झिजलेले असं इथे सर्रास चालतं. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये तसं केलं तर चाकांचा घेर जुळत नाही आणि मधला क्लच कायम घासत राहतो. चारही एकदम बदला.

ओल्या पट्ट्याच्या अलीकडेच थांबून दांडा टाकावा, रुतल्यावर नाही. दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखं जायचं, मध्ये थांबायचं नाही, जोरात रेस द्यायची नाही. चाक जागेवर फिरलं की ते खड्डाच खणतं. थांबलीच गाडी, तर लगेच आल्या चाकोरीनं मागे घ्यावी. टायरची हवा 30 वरून 20 च्या आसपास आणली तर पकड वाढते, म्हणून छोटा पंप डिकीत हवाच; डांबरावर येताच हवा परत भरायची. बाकी उपाय शिवारातच असतात. या दिवसांत बांधावर पऱ्हाट्या आणि तुराट्यांचे ढीग असतात. चाकाखाली आडव्या अंथरल्या की गाडी निघते. मालकाला आवाज द्या, तो स्वतः आणून टाकतो.

जुनी घ्यायची असेल, तर 2018 पर्यंत बनलेली जिप्सी आणि ऑल-व्हील ड्राइव्हची डस्टर अजून बाजारात दिसतात. तिथे मेकॅनिक सोबत न्या. दांडा वर्षानुवर्षं हलवलेलाच नसतो, तो गंजून बसतो. चारही चाकं उचलून पुढचा आस फिरतो का ते बघा, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल कधी बदललं ते विचारा, तेलात पांढरट साय दिसली तर पाणी शिरलं आहे. गाडी डांबरावर पळवून दाखवणाऱ्याला सांगा, मला माझ्या पाणंदीवर चालवून बघायची आहे. तो तयार नसेल, तर दुसरी गाडी बघा.