छातीची तपासणी : करावी कीं न करावी?

झरी येथें परवां एका वृद्ध स्नेह्यांनीं आम्हांस विचारलें, "खोकला नाहीं, दम नाहीं, मग मुलगा छातीच्या सीटी स्कॅनचा आग्रह कां धरतो?" तीस वर्षें रोज पाकीटभर सिगारेट ओढून दहा वर्षांपूर्वीं त्यांनीं ती सोडली.

२०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत, अशाच लोकांमध्यें, साध्या क्ष-किरण चित्रापेक्षां अल्पमात्रेच्या सीटी स्कॅननें फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यु शेंकडा २० नीं घटले. परंतु संशयास्पद ठरलेल्या चित्रांपैकीं शेंकडा सुमारें ९६ कर्करोगाचीं नव्हतींच! आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रणहि फसवितात. मग पुन्हां चित्रें, प्रसंगीं सुई, आणि घरभर धास्ती.

आम्हीं म्हटलें, "डाग निघाला तर शस्त्रक्रियेस तयार आहांत काय? नसाल, तर डाग शोधावा कशास?"

"शस्त्रक्रियेस तयार आहें," ते म्हणाले, "निकालाची वाट पाहण्याचेंच भय वाटतें." मुलगा गप्प होता, त्याच्या स्वतःच्या खिशांत पाकीट होतें.