तलावाचा वास

"काय छान औषधाचा वास येतोय! पाणी अगदी स्वच्छ असणार," पोहण्याच्या तलावाशी पोचताच आमची ही उद्गारली.

पाण्याच्या प्रयोगशाळेत उभी हयात घालवलेल्या मला राहवेना. तो झोंबणारा वास निव्वळ क्लोरिनचा नव्हेच! पोहणाऱ्यांचा घाम आणि, क्षमा असावी, लघवी क्लोरिनशी मिसळली की क्लोरामाइन तयार होते. नाकात शिरते ते हेच.

एवढ्यात नातू म्हणाला, "आजोबा, गेल्या आठवड्यात जुलाब झाले, तेव्हा माझे चार दिवस बुडाले. आज भरून काढणार!"

मी त्याचा दंडच धरला.

"अहो, क्लोरिन आहे की पाण्यात!" ही म्हणाली.

पटकीचे जंतू क्लोरिनने मिनिटांत मरतात, हे खरे. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म जीव जाड कवचात दडतो आणि तलावातल्या नेहमीच्या मात्रेला आठवडाभराहून अधिक दाद देत नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ साली तो शुद्धीकरण केंद्रातून निसटून नळाला आला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. जुलाब थांबल्यावरही तो काही दिवस शौचावाटे बाहेर पडत राहतो. आमच्या पोराला तोच बाधला होता असे नाही. पण तपासले होते कोणी? तेव्हा दोन आठवडे तलाव बंद.

"महिन्याची फी भरलीय हो!" ही पुटपुटली. नातवाने भोकाड पसरले. कोपऱ्यावर त्याला शहाळे घेऊन दिले. ते त्याने संपवले, पण घरी पोचेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलला नाही.